कलम

लोखंडी घर आहे, जगदाळे म्हणाले, वीस फूट बाय दहा.
कंपनीच्या भंगारात लिलावाला निघालं होतं,
मकरपुऱ्याहून क्रेनवर घालून केलनपूरला नेलं,
चतुरभाईंच्या शेताच्या कडेला ठेवलं.
करार?
चतुरभाई म्हणाले होते, रहो ने.

त्या दोन शब्दांवर अकरा वर्षं.
आता चतुरभाई नाहीत, मेहुलभाईंनी जमीन स्कीमला दिली
आणि नोटीस आली, तीस दिवसांची.

मी चष्मा पुसला.
घर तुमचं, म्हटलं. जंगम आहे.
चाकं नसली तरी जंगम, विटांवर नुसतं टेकलंय,
पायाला सिमेंट नाही.
त्यांना ते ठेवून घेता येत नाही, पाडता येत नाही.
पण न्यायचा खर्च तुमचा,
वाटेत वायर तुटली तर ती तुमच्या माथी,
मीटर बंद केल्याची पावती घ्या, शोषखड्डा बुजवा,
उचलताना आत माणूस नको,
आणि जमीन जशी घेतली तशी परत.

जशी घेतली तशी?
तिथं बाभळी होत्या, जगदाळे म्हणाले.
काटे काढताना हात सोलून निघाले होते. त्या परत लावू?

शालनताई तोवर गप्प होत्या.
पिशवीतून एक लिंबू काढून त्यांनी माझ्या फायलीवर ठेवलं.
हे कशात धरायचं?

लिंबू तुमचं. झाड स्थावर.
जमिनीबरोबर जाईल.
मी लावलं तरी?
तुम्ही लावलं तरी.
त्यांनी मान हलवली, भाव न पटलेल्या गिऱ्हाइकासारखी.
आणि कलम?

कोणतं, मी म्हटलं, कलमं बरीच आहेत,
आणि हात पुस्तकाकडे गेला.

गुटी कलम हो.
फांदीची साल बोटभर सोलायची, ओलं शेवाळ बांधायचं,
वरून प्लास्टिक. मुळं धरली की खालून कापायचं.
पंचेचाळीस दिवस लागतात.

जमिनीला जोडलेलं असतं तोवर चोरीला जात नाही,
कापलं की त्या क्षणी जंगम होतं, आणि मग जातं.
हे मला पाठ आहे. मी बोलले नाही.
मेहुलभाईंना पत्र लिहिलं:
क्रेन मिळत नाही, परवानगी यायची आहे,
पंधरा दिवस वाढवून द्यावेत.
क्रेन खरंच मिळत नव्हती.
पत्रात लिंबू नव्हतं, एवढंच.
फोनवर ते म्हणाले, लई लो ने, बेन.
वडिलांचाच आवाज, म्हणे जगदाळे.

उचललं त्या सकाळी मी गेले होते. जायचं कारण नव्हतं.
पट्टे ताणले, घर एका बाजूनं कण्हलं,
मग विटांवरून सुटलं
आणि खाली राहिला एक पांढुरका चौकोन,
गवत नसलेला, वीस बाय दहा,
मधोमध एक चमचा आणि मुंगसाचं बीळ.
जगदाळ्यांनी चमचा खिशात घातला.
मग फावड्यानं बिळापर्यंत माती सारखी केली,
बिळाशी थांबले.
शालनताई टेम्पोत पुढं बसल्या होत्या,
मांडीवर तेलाचा डबा, डब्यात हातभर फांदी,
चार पानं.

आता जरोदला नवी जागा, नवे मालक.
या वेळी करार कागदावर, असं मीच बजावलंय.
दांडिया बाजारच्या घरी रात्री टाईप करत बसते.
नऊ कलमं झाली.
दहावं झाडाचं. तिथं अडलंय.
डबा जमिनीवर नुसता ठेवला तर जंगम,
शालनताईंनी काल विचारलं,
आणि मुळं बुडातून खाली उतरली तर?
कोणत्या दिवसापासून?

डब्याला त्यांनी पाच भोकं पाडलीत.
पाणी निथळायला, म्हणतात.